आवाज न करता उतरणारी बॅटरी

"गाडीत लिथियमची बॅटरी टाकली आहे. घरात जुना चार्जर पडून आहे, त्याच्यावर लावली तर चालेल का?"

मोटारसायकलवर जीव असलेली चार माणसं जमली की हा प्रश्न हमखास निघतो. पाठोपाठ आणखी दोन येतात. "एवढी महागाची बॅटरी दोन महिन्यांत गेली कशी?" आणि "काल एका सेल्फला सुरू झाली होती, मग आज एकदम ठप्प कशी?"

तिसरा प्रश्न मीही एका पावसाळ्यात विचारला होता. नवीन लिथियम बॅटरी बसवून दोन महिने झाले होते. चोरीच्या भीतीने गाडीला एक जीपीएस ट्रॅकरही लावून घेतला होता. मग पावसाची झड लागली आणि गाडी तीन आठवडे पार्किंगमध्ये झाकून उभी राहिली. गणपतीसाठी कोकणात निघायच्या दिवशी चावी फिरवली, तर मीटरवरचा दिवासुद्धा लागला नाही. शेजारच्या मेकॅनिकने मल्टीमीटर लावला. आकडा आला ६.८ व्होल्ट. "दादा, ही गेली," तो म्हणाला. मला ते पटेना. आधीच्या वेळी ती कुरकुरली नव्हती, सेल्फचा आवाज जड झाला नव्हता. जुनी बॅटरी जाण्याआधी आठवडाभर रडायची. हिने अवाक्षर काढलं नव्हतं.

या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच. लिथियमची बॅटरी नाजूक नसते, पण तिचा स्वभाव वेगळा असतो. जुन्या बॅटरीची तब्येत आपण कानाने ओळखत होतो, हिची तब्येत आकड्यानेच कळते. ते आकडे कोणते आणि ते तसेच का, हे क्रमाने पाहू.

१. स्टार्टर बॅटरीचं काम किती?

बॅटरीत किती वीज मावते, ते 'अँपिअर-तास' या मापाने मोजतात. एक अँपिअरचा प्रवाह एक तास चालला, की एक अँपिअर-तास वीज खर्च झाली. पाण्याच्या टाकीला जसे लिटर, तसे बॅटरीला अँपिअर-तास.

आता एक हिशेब करू. मध्यम आकाराच्या मोटारसायकलचा सेल्फ दाबला की स्टार्टर मोटर साधारण १०० अँपिअर ओढते असं धरा. इंजिन दोन सेकंदांत सुरू झालं. म्हणजे १०० गुणिले २, असे २०० अँपिअर-सेकंद खर्च झाले. तासाचे सेकंद ३,६००. भागाकार केला तर उत्तर येतं ०.०५६ अँपिअर-तास. बॅटरी चार अँपिअर-तासांची असली, तरी एका सेल्फला तिच्यातली दीड टक्क्याहूनही कमी वीज लागते. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीकडे दोन अँपिअरचा प्रवाह जात असेल, तर ही तूट शंभर सेकंदांत भरून निघते. पहिला सिग्नल लागेपर्यंत उधारी फिटलेली असते.

यावरून कळतं, की स्टार्टर बॅटरीला साठा फारसा लागत नाही, जोर लागतो. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण घ्या. लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे मोठी टाकी, पण तिचा पाइप बारीक. जोराची धार हवी, तर टाकीच मोठी घ्यावी लागते. लिथियमची टाकी लहान, पण पाइप चांगला जाड. त्यामुळे जे काम करायला लेड-ॲसिडची तीन किलोंच्या आसपासची बॅटरी लागते, तेच लिथियमची किलोभराची बॅटरी करते. होंडाने २०१७ च्या सीबीआर १००० आरआर एसपी या गाडीत कारखान्यातूनच लिथियम बॅटरी दिली, ती वजन वाचवण्यासाठी. त्याच सुमारास केटीएमच्या एन्ड्युरो गाड्यांमध्येही ती आली.

मात्र पाइप जाड असला म्हणून टाकी मोठी होत नाही. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. तो हिशेब चौथ्या भागात येईल.

२. डब्याच्या आत काय असतं?

लेड-ॲसिड बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी तयार केली. शिशाचे पत्रे आणि सल्फ्युरिक ॲसिड, एवढाच तिचा संसार. तिचा एक कप्पा, म्हणजे एक सेल, २.१ व्होल्ट देतो. असे सहा सेल ओळीने जोडले की १२.६ व्होल्ट होतात.

लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात आल्या १९९१ साली, सोनी कंपनीकडून. त्यांच्यात कोबाल्ट होतं. पुढे अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि त्यांचे मार्गदर्शक जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टऐवजी लोखंड आणि फॉस्फेट वापरून पाहिलं. १९९७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांना २०१९ साली लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. आज मोटारसायकलच्या बहुतेक लिथियम स्टार्टर बॅटऱ्या याच 'लिथियम आयर्न फॉस्फेट' जातीच्या असतात.

या जातीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. चार जोडले की १२.८ व्होल्ट होतात. शिशाच्या १२.६ च्या हा आकडा इतका जवळ आहे, की गाडीच्या वायरिंगला हात न लावता एक बॅटरी काढून दुसरी बसवता येते. कोबाल्ट जातीचा सेल ३.७ व्होल्टचा असतो. त्याचे तीन जोडले तर ११.१, म्हणजे कमी पडतात, आणि चार जोडले तर १४.८, म्हणजे जास्त होतात.

आत चालतं काय, ते समजायला एसटी डोळ्यांसमोर आणा. लिथियमचे कण म्हणजे प्रवासी. त्यांचे दोन मुक्काम. एकीकडे लोह-फॉस्फेटचा थर, दुसरीकडे ग्रॅफाइटचा, म्हणजे पेन्सिलीत असतो त्या काळ्या पदार्थाचा. बॅटरी चार्ज होते तेव्हा प्रवासी ग्रॅफाइटच्या बसमध्ये चढून जागा पकडतात. वीज वापरली जाते तेव्हा ते उतरून परत घरी जातात. प्रवासी शिस्तीत चढले आणि शिस्तीत उतरले, तर ही ये-जा हजारो वेळा होऊ शकते. पुढे जे नियम येतील, ते सगळे या चढण्या-उतरण्याचे नियम आहेत.

३. आकडा वाचायला शिकताना

स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर आठवा. भरलेला असो की निम्मा, शेगडीची ज्योत तशीच निळी आणि जोरदार असते. सिलिंडर संपत आला आहे, हे ज्योत सांगत नाही. शेवटच्या एक-दोन दिवसांत ती एकदम मंदावते आणि फोडणी अर्धवट राहते. म्हणून जुनी माणसं सिलिंडर हलवून, उचलून अंदाज घ्यायची.

लिथियमची बॅटरी अशीच आहे. ९० टक्के भरलेली असो की ४० टक्के, तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जवळपास सारखाच राहतो. अगदी तळाशी आली की तो धाडकन पडतो. लेड-ॲसिडचं व्होल्टेज थोडंथोडं उतरत जातं, म्हणून तिचा सेल्फ दिवसेंदिवस जड होतो आणि आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो. लिथियम शेवटच्या दिवसापर्यंत जोमाने सेल्फ फिरवते.

त्यामुळे या बॅटरीचं व्होल्टेज दशांश चिन्हापुढच्या आकड्यासकट वाचावं लागतं. गाडी बंद करून काही तास झाल्यावर, चावी काढलेली असताना मोजलं, तर ढोबळ अर्थ असा:

१३.३ किंवा त्याहून जास्त: भरलेली.
१३.१ ते १३.२: निम्मी किंवा त्याहून जास्त. काळजी नाही.
१३.० च्या खाली: चार्जिंगला लावायची वेळ झाली.
१२.८ च्या खाली: तळाकडची पाचव्या हिश्शाएवढी वीज उरली आहे, कदाचित तीही नाही.
१० च्या खाली: इजा व्हायला लागली आहे.
८ च्या खाली: बॅटरी सहसा वाचत नाही.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. १२.७ व्होल्ट या आकड्याला लेड-ॲसिड बॅटरी 'पूर्ण भरलेली' म्हणतात. लिथियम बॅटरीत तोच १२.७ म्हणजे जवळजवळ रिकामी. हँडलवर बसवायचे यूएसबी चार्जर मिळतात, त्यांच्यावरचा हिरवा दिवा बहुतेक वेळा शिशाच्या हिशेबाने ठरवलेला असतो. लिथियम बॅटरी घातल्यावर त्या दिव्यावर विसंबू नका.

४. डब्यावरचा मोठा आकडा

लिथियमच्या डब्यावर ठळक अक्षरांत '१२ अँपिअर-तास' असं लिहिलेलं दिसतं आणि जवळच बारीक अक्षरांत 'समतुल्य' असा शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच, की सेल्फ फिरवायचा जोर १२ अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीइतका आहे. पाइप तेवढा जाड आहे. टाकी तेवढी नाही. खरी टाकी साधारण तिसऱ्या हिश्शाची असते.

खरा साठा शोधायची सोपी युक्ती आहे. डब्यावर 'वॅट-अवर' हा आकडा बहुधा असतो. त्याला १२.८ ने भागा. माझ्या बॅटरीवर ४८ वॅट-अवर लिहिलं होतं. भागाकार केल्यावर आलं ३.७५ अँपिअर-तास. '१२' समजून घेतलेल्या बॅटरीत खरी वीज पावणेचार निघाली.

आता त्या ट्रॅकरचा हिशेब करू. मेकॅनिकने गाडी बंद ठेवून, वायरमध्ये मीटर घालून मोजलं तेव्हा ट्रॅकर आणि गाडीचं घड्याळ मिळून १० मिलिअँपिअर ओढत होते. म्हणजे अँपिअरचा शंभरावा भाग. ३.७५ भागिले ०.०१, म्हणजे ३७५ तास, म्हणजे साडेपंधरा दिवस. आणि गाडी उभी होती एकवीस दिवस.

शिशाची १२ अँपिअर-तासांची बॅटरी असती, तर तेवढ्याच गळतीला तिने १,२०० तास, म्हणजे पन्नास दिवस तग धरला असता. जुन्या बॅटरीवर चालून गेलेली सवय नव्या बॅटरीवर चालत नाही, ती यामुळे. ट्रॅकर, अलार्म, कॅमेरा असं काही गाडीला जोडलेलं असेल, तर हा भागाकार आजच करून ठेवा.

५. जुना चार्जर चालेल का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल ३.६ व्होल्टला भरतो. चार सेलचे १४.४ व्होल्ट. १४.६ ही त्याची वरची हद्द. चांगला लिथियम चार्जर आधी ठरावीक करंट देतो, १४.४ ला पोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी करत नेतो आणि शेवटी थांबतो. बस रिकामी असताना प्रवासी भराभर चढतात, शेवटच्या चार जागांना मात्र वेळ लागतो. चार्जर त्या वेळेचा मान राखतो.

जुन्या चार्जरच्या बाबतीत तीन गोष्टी तपासा.

पहिली, त्यात 'डीसल्फेशन' किंवा 'रिपेअर' असा मोड आहे का? शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर चढतो. तो काढायला हा मोड १५.८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त झटके देतो. लिथियममध्ये सल्फेट नसतंच. १५.८ ला चाराने भागलं तर सेलच्या वाट्याला ३.९५ येतात, म्हणजे हद्दीच्या बरेच वर. काही चार्जर हा मोड आपोआप सुरू करतात. तसला चार्जर लिथियमला लावू नये.

दुसरी, तो बॅटरी भरल्यावरही थेंबथेंब वीज देत राहतो का? शिशाच्या बॅटरीला ते चांगलं, कारण ती अर्धपोटी राहिली की सल्फेट धरते. लिथियमला त्याची गरज नाही. भरल्यावर चार्जर काढून ठेवायचा.

तिसरी, करंट किती? ३.७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला एक ते दोन अँपिअरचा चार्जर भरपूर झाला. समजा बॅटरी ३० टक्क्यांवर आहे. म्हणजे २.६ अँपिअर-तास भरायचे आहेत. दोन अँपिअरच्या चार्जरने सव्वा तास आणि शेवटच्या संथ टप्प्याची थोडी भर, असा दीड तास लागेल. रात्रभर लावून ठेवण्याचं कारण नाही.

या तिन्ही गोष्टींचं उत्तर खात्रीने देता येत नसेल, तर लिथियमसाठीचा चार्जर घ्या. बॅटरीची किंमत पाहता तो खर्च वाया जात नाही.

चार सेल एका माळेत असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. चार हंडे ओळीत ठेवले आहेत आणि प्रत्येकात एकाच वेळी एकेक तांब्या ओतायचा नियम आहे असं समजा. एखाद्या हंड्यात आधीच दोन तांबे जास्त असले, तर बाकीचे भरायच्या आधी तो ओसंडेल. सेल ओसंडणं म्हणजे त्याला इजा होणं. चांगल्या बॅटरीत एक छोटं सर्किट असतं. ते पुढे गेलेल्या सेलमधली थोडी वीज जिरवून चौघांना एका पातळीवर आणतं. त्याला 'बॅलन्सिंग' म्हणतात. हे काम चार्जिंगच्या शेवटी होतं, म्हणून अधूनमधून बॅटरी पूर्ण भरू द्यावी.

काही बॅटऱ्यांत याच्या पुढचं 'बीएमएस' असतं, म्हणजे बॅटरीचा राखणदार. वीज फार उतरली तर तो स्वतःच वाट बंद करतो. मग मीटर शून्याच्या आसपासचा आकडा दाखवतो आणि बॅटरी मेली असं वाटतं. लिथियम चार्जरवर लावली की अशी बॅटरी बहुधा जागी होते. माझ्या बॅटरीत राखणदार नव्हता, फक्त बॅलन्सिंग होतं. बॅटरी घेताना हा फरक दुकानदाराला स्पष्ट विचारा.

राखणदार नसलेली बॅटरी बरेच दिवस ८ व्होल्टच्या खाली राहिली असेल, तर ती पुन्हा चार्ज करायचा मोह टाळा. सेलच्या आत तांब्याचा पातळ पत्रा असतो. वीज फार उतरली की तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्याच जागी जमतं. त्यातून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

६. खरा रोजचा चार्जर गाडीतच आहे

घरातला चार्जर वर्षातून दोन-चारदा लागतो. रोजचं चार्जिंग गाडी करते. इंजिनला जोडलेलं मॅग्नेट आणि कॉइल वीज तयार करतात आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर, ज्याला गॅरेजमध्ये 'आरआर युनिट' म्हणतात, ती वीज बॅटरीला चालेल अशी करून देतो. लिथियम बसवण्याआधी या युनिटची परीक्षा घ्यायलाच हवी.

परीक्षा दहा मिनिटांची आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टच्या वीसच्या खुणेवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. नवीन बॅटरी बसवल्यावर आम्ही असंच केलं. चावी बंद असताना १३.३ आले. सेल्फ दाबला तेव्हा आकडा क्षणभर ११ च्या आसपास गेला आणि परत वर आला. गाडी मंद चालू असताना १३.८. मेकॅनिकने रेस वाढवून इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर धरलं, तेव्हा १४.३. हेडलाइट, ब्रेकचा दिवा आणि हॉर्न एकदम लावले, तेव्हा १४.१. या गाडीला लिथियम चालणार हे तिथेच ठरलं.

रेस दिल्यावर आकडा १३.६ ते १४.६ च्या दरम्यान हवा. त्याच्या खाली असेल, तर बॅटरी कधीच पुरती भरणार नाही. १५ च्या वर जात असेल, तर आधी आरआर युनिट बदला, मग बॅटरीचा विचार करा. आरआर बिघडलं की लेड-ॲसिड बॅटरीतलं पाणी उकळतं, वास येतो, वेळेवर कळतं. लिथियमला तेवढी मोकळीक देता येत नाही. जुन्या, सहा व्होल्टच्या किंवा नीट रेग्युलेटर नसलेल्या गाड्यांना ही बॅटरी घालू नये.

आता एका सवयीबद्दल. बॅटरी उतरली की आपण गाडीला धक्का मारतो, सेकंड गियरमध्ये क्लच सोडतो आणि गाडी सुरू झाली की सुटलो म्हणतो. लिथियमच्या बाबतीत हे महागात पडतं. समजा गाडी २५० वॅट वीज तयार करते. १४ ने भागलं तर सुमारे १८ अँपिअर. इंजिन आणि दिव्यांना आठ-दहा अँपिअर गेले, तरी उरलेले आठ-दहा ही रिकामी बॅटरी एका घोटात ओढते, कारण तिचा पाइप जाड आहे. तिला मानवणाऱ्या करंटच्या हे काही पट आहे. बॅटरी तापते, कॉइलवरही ताण येतो. अडचणीत गाडी ढकलून सुरू केलीच, तर जवळच्या मुक्कामी थांबून बॅटरी चार्जरवर भरा.

बॅटरी बसवताना तीन बारीक गोष्टी पाळा. काढताना आधी काळी वायर, मग लाल. बसवताना आधी लाल, मग काळी. उलटं केलंत आणि लाल वायर सोडवताना पान्हा चासीला टेकला, तर ठिणगी उडते. दुसरं, टर्मिनलचे नट लहान असतात. ते घट्ट हवेत, पण पान्ह्याला लटकून आवळू नका. तिसरं, लिथियमचा डबा जुन्यापेक्षा लहान असतो. सोबत मिळणारे फोमचे तुकडे लावून तो असा बसवा, की खड्ड्यात हलणार नाही.

७. लडाखची सकाळ, चंद्रपूरची दुपार

दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी जण मोटारसायकलवर लडाखला जातात. लेह ३,५०० मीटरवर, खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. पहाटे तिथे पारा शून्याखाली गेलेला असू शकतो. अशा थंडीत बॅटरीतले प्रवासी आखडलेले असतात. सेल्फ दाबला की इंजिन अर्धवट फिरतं आणि थांबतं. लेड-ॲसिडची सवय असलेला माणूस म्हणतो, बॅटरी गेली.

ती गेलेली नसते, गारठलेली असते. तिला आतून ऊब द्यायची. चावी चालू करून दिवे किंवा इंडिकेटर एक-दोन मिनिटं लावून ठेवा. वीज वाहताना सेल स्वतःच्या रोधामुळे आतून थोडा तापतो. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइटचं बटण नसतं आणि काही गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. अशा वेळी सेल्फच तीन-चार सेकंद दाबा, अर्धा-एक मिनिट थांबा, परत दाबा. दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा जोरात होतो, तिसरा त्याहून जोरात. शिशाची बॅटरी प्रत्येक प्रयत्नाला थकते, लिथियम थंडीत प्रत्येक प्रयत्नाला जागी होते.

चार्जिंग मात्र शून्य अंशाखाली करू नका. बसच्या दारात प्रवासी आखडलेले आहेत आणि मागून कंडक्टर रेटतो आहे, अशी ती स्थिती असते. आत जागा असूनही प्रवासी दाराबाहेर लटकतात. म्हणजे लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता बाहेरच धातूच्या रूपात साचतं. ते सहसा परत कामाला येत नाही, आणि फार साचलं तर शॉर्टचा धोका. मुक्कामी बॅटरी खोलीत आणा, उबदार होऊ द्या, मग चार्जर लावा.

आपल्याकडे त्याहून मोठा शत्रू ऊन आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीच्या सीटखाली, इंजिनच्या शेजारी, त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं, की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीचं म्हातारपणही असंच लवकर येतं. गाडी सावलीत लावणं हा तिच्या निगेचा बिनखर्चाचा भाग आहे. आणि उन्हातून आल्याआल्या चार्जर लावू नका, अर्धा तास निवू द्या.

८. गाडी उभी राहणार असेल तर

पावसाळा, परदेशची नोकरी, बाळंतपण, आजारपण अशा कारणांनी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. लेड-ॲसिडला अशा वेळी चार्जरवर ठेवावं लागतं. लिथियमची आतली गळती अगदी कमी, महिन्याला दोन-तीन टक्के. तिला मारतं ते बाहेरचं: ट्रॅकर, अलार्म, घड्याळ. म्हणून उपाय साधा आहे. बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त भरलेली ठेवा, काळी वायर सोडवा, तिचं टोक कापडात गुंडाळा. शक्य असेल तर बॅटरी काढून घरात कोरड्या, थंड जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी मोजा. १३.१ च्या वर असेल तर परत ठेवून द्या.

लेड-ॲसिडला भूक सोसत नाही. लिथियमला उपास चालतो, फक्त तो निर्जळी करू नये.

९. ही पेटेल का?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला. त्या वर्षी देशात अशा बऱ्याच घटना घडल्या आणि सरकारला ई-वाहनांच्या बॅटरीचे नियम कडक करावे लागले. लोक तेव्हापासून 'लिथियम' शब्दालाच घाबरतात. पण लिथियमच्या जाती वेगळ्या आहेत. त्या काळात ई-स्कूटरमध्ये निकेल आणि कोबाल्ट असलेली जात जास्त वापरली जायची, आणि त्या बॅटऱ्या आकाराने कितीतरी मोठ्या. लोह-फॉस्फेट जातीत ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. तापल्यावरही तो सहजी सुटत नाही, त्यामुळे आगीला आतून खतपाणी मिळत नाही.

तरीही आतला द्रव जळणारा आहे, हे विसरू नये. चार्जिंग फरशीवर करा, गादीवर किंवा पडद्याजवळ नको. झोपताना किंवा घराबाहेर जाताना चार्जर लावून ठेवू नका. डबा फुगला, तडकला किंवा हाताला चटका बसेल इतका तापला, तर ती बॅटरी त्या क्षणी कामातून गेली असं समजा. धूर यायला लागला तर तिच्याशी झटू नका. तो धूर विषारी असतो. माणसं लांब न्या आणि १०१ ला फोन करा.

बाद बॅटरी घंटागाडीत टाकू नका. बॅटरीच्या कचऱ्याचे २०२२ चे नियम लिथियमसह सगळ्या जातींना लागू आहेत, आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे परत द्या, टर्मिनलला टेप लावून.

शेवटी तीन आकडे

काही शे रुपयांत साधा मल्टीमीटर मिळतो. तो घ्या. मग एक छोटी चिठ्ठी करून गाडीच्या साइड पॅनेलच्या आतून चिकटवा आणि तिच्यावर तीन आकडे लिहा. उभ्या गाडीचा: १३.० च्या खाली जाऊ देऊ नये. चालू गाडीचा: १४.६ च्या वर जाऊ नये. आणि तिसरा तुमच्या स्वतःच्या गाडीचा: वॅट-अवरला १२.८ ने भागून, आलेल्या उत्तराला गळतीने आणि मग २४ ने भागून निघालेले, बॅटरी पूर्ण रिकामी व्हायचे दिवस. माझ्या चिठ्ठीवर तिथे पंधरा लिहिलं आहे. त्याच्या बऱ्याच आधी मी गाडी एक फेरी मारून आणतो, आणि ते जमणार नसेल तर काळी वायर सोडून ठेवतो. गेलेल्या बॅटरीच्या जागी घेतलेल्या तशाच बॅटरीला आता चौथं वर्ष लागलं आहे. आज सकाळी मोजलं, १३.२.